पोलादाला पाणी

गावचा लोहार विळ्याला 'पाणी देतो', म्हणजे तापवून पाण्यात बुडवतो. १९६२ साली एमआयडीसी आली, १९६६ साली टेल्को. पिंपरी-भोसरीत गिअर, शाफ्ट कडक करायचं काम वाढलं. त्याची एक रीत म्हणजे सॉल्ट बाथ: ८००-९०० अंशांवर वितळलेलं मीठ. पार्ट सगळीकडून सारखा तापतो. मीठ सायनाइडचं असेल तर कार्बन-नायट्रोजन मुरून वरचा थर कडक होतो, गाभा चिवट राहतो.

पण गंमत बघा, इथे पाणीच वैरी! ओला पार्ट बुडवला की क्षणात वाफ होते आणि वितळलेलं मीठ कामगाराच्या अंगावर उडतं. शिवाय सायनाइड विषारी. म्हणूनच पुढे बंद गॅस भट्ट्या आल्या.

आम्हा आयटीवाल्यांचं काय, चुकलं की रीस्टार्ट. तिथे मात्र पार्ट आधी कोरडा करायचा, मगच बुडवायचा.