डायल-अप गेटवे
१२. डायल-अप गेटवे : कायमची जोडणी नसलेल्या कार्यालयात ई-मेल संगणकावर साठवायची आणि ठरल्या वेळी मोडेमने फोन लावून एकदम पाठवायची, ही व्यवस्था. १९८० च्या दशकाच्या अखेरीस एर्नेट या भारतातील शैक्षणिक व संशोधन जाळ्याची ई-मेल मुंबईच्या एनसीएसटी (नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी) या संस्थेमार्फत बरीचशी अशीच जाई. फोन कुठून लावायचा हेही महत्त्वाचे. उदाहरणार्थ, बारामतीचा एसटीडी कोड ०२११२, इंदापूरचा ०२१११. तालुके शेजारी, पण कोड वेगळे. म्हणून मोडेम कोणत्या एक्स्चेंजच्या लाइनवर बसवायचा, हा अशा गेटवेच्या आराखड्यातला खरा कळीचा प्रश्न, कारण फोनचे बिल त्यावर ठरे. एसटीडीचे दर रात्री उतरत. मोठ्या फायली तेव्हाच पाठवणे शहाणपणाचे. सेकंदाला ९६०० बिट या वेगाने मिनिटाला जेमतेम ५७ किलोबाइट जात, आणि पावसाळ्यात लाइन खरखरली की त्याहूनही कमी.