आधी नाव, मग वेळ



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी शर्यतीच्या कालमापनाची हकीकत लिहावी, असा कार्यकारिणीचा आग्रह झाला. मी काही धावपटू नव्हे. मंडळाच्या चालण्याच्या शर्यतीत नावे नोंदविण्याचे काम तेवढे माझ्याकडे होते. पण एका मिनिटाची किंमत विठ्ठलवाडीकरांना का सांगायला हवी? लोकल चुकली की ती कळतेच.

पूर्वी मोठ्या शर्यतींत पंच स्टॉपवॉच घेऊन अंतिम रेषेशी उभे राहत. धावणाऱ्याच्या छातीवरील क्रमांकाच्या कागदाचा खालचा तुकडा फाडून, आले त्या क्रमाने ते तुकडे ओवून ठेवीत आणि मागाहून वहीतल्या नावांशी जुळवीत. अर्थात, ज्याचे नाव वहीत नाही त्याला वेळही नाही. हे बायकांनी फार सोसले. १९६६ साली अमेरिकेत बॉबी गिब बोस्टन मॅरेथॉन ३ तास २१ मिनिटे ४० सेकंदांत धावली. परंतु बाई म्हणून तिला प्रवेश नाकारलेला, त्यामुळे निकालात तिचे नाव नव्हते. पुढल्याच वर्षी कॅथरीन स्वित्झरने केवळ आद्याक्षरे लिहून २६१ हा क्रमांक मिळवला, तर भर रस्त्यात एका अधिकाऱ्याने तो ओढून काढण्याचा प्रयत्न केला. तरीही ती धावत राहिली व शर्यत पुरी केली. तेथे स्त्रियांना रीतसर प्रवेश मिळाला तो १९७२ साली.

१९९६ साली बोस्टनची शंभरावी शर्यत झाली. त्याच वर्षी गिबचे जुने विजय मान्य झाले आणि हजारो धावपटूंची वेळ बुटाला बांधलेल्या चिपने मोजली गेली. या चिपला स्वतःची वीज नसते. रस्त्यावर अंथरलेल्या चटईतील लहरींनी ती जागी होते व आपला क्रमांक सांगते. यंत्र त्यापुढे वेळ मांडते, आणि सॉफ्टवेअर नोंदणीतून नाव, वय व गट शोधून निकाल लावते. गर्दीत मागे राहिलेल्याची वेळही तो आरंभरेषा ओलांडील तेव्हापासूनच मोजली जाते. २००४ साली सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनमध्येही आज चिपच वेळ मोजते. साताऱ्याकडील मोही गावची ललिता बाबर २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षे तेथे भारतीय स्त्रियांत पहिली आली.

आमच्या शर्यतीत चिप नव्हती. लॅपटॉपवर नावांची यादी होती. तीत तीन नोंदी नुसत्या ‘सौ. पाटील’ अशा! क्रमांक मांडताना मी दोघींचे उलटे लिहिले, आणि यंत्राने निमूटपणे एकीची वेळ दुसरीच्या पदरी घातली. निकाल वाचताना ‘सौ. पाटील’ म्हणताच तिघीजणी उठल्या. सारे हसले. पण साठीपुढील गटात खरोखर पहिल्या आलेल्या काकू हळूच म्हणाल्या, “माझा क्रमांक १८ होता गं.”

निकाल दुरुस्त करताना मी विचारले, “काकू, तुमचे स्वतःचे नाव काय हो?”

“२५ वर्षे मंडळात येते आहे मी. आज विचारलंस होय?” त्या म्हणाल्या.

मी मान खाली घातली. यंत्र सेकंदाचा शंभरावा भाग मोजील. परंतु ती वेळ कोणाची, हे आपण लिहू तेवढेच त्याला ठाऊक. म्हणून यापुढील नोंदणीत प्रत्येकीने स्वतःचे पूर्ण नाव व जन्मवर्ष द्यावे, ही विनंती. काकूंचे नाव मी यादीत प्रथम लिहिले आहे.