झोपेची गोळी आणि मोहाची दारू

झोप आणणाऱ्या किंवा मन शांत करणाऱ्या गोळ्यांसोबत पाळायची पथ्ये एका दिवसात ठरली नाहीत. प्रत्येक पथ्यामागे रुग्णांनी भोगलेला त्रास आहे. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात हा इतिहास दारूच्या प्रश्नाशी जोडलेला आहे.

1903 साली बार्बिटोन आणि 1912 साली फेनोबार्बिटोन ही झोपेची औषधे बाजारात आली. या गोळ्यांची उपयोगी मात्रा आणि जीवघेणी मात्रा यांत फार अंतर नव्हते, आणि वर दारू प्यायल्यास श्वास मंदावून माणूस दगावत असे. फेनोबार्बिटोन आजही फिटवर दिले जाते. ते अचानक थांबवले की फिट उलटून येते. पुढे 1960 मध्ये क्लोरडायझेपॉक्साइड आणि 1963 मध्ये डायझेपाम ही तुलनेने सुरक्षित औषधे आली. पण त्यांचीही सवय लागते, हे उशिरा कळले. 1988 साली ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने ती दोन ते चार आठवड्यांपुरतीच द्यावीत, असा सल्ला दिला.

चैत्राच्या सुमारास मोहफुले वेचायची, वाळवायची, आंबवून भट्टीवर दारू काढायची, ही चंद्रपूर-गडचिरोलीची जुनी रीत. व्यसनाने घरे उद्ध्वस्त होऊ लागली, तेव्हा गावोगावच्या लोकांनी आंदोलन केले आणि 1993 पासून गडचिरोलीत दारूबंदी लागू झाली. चंद्रपुरात ती 2015 ते 2021 अशी राहिली. रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडली, तर हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते, कधी फिट येते, भास होतात. अशा वेळी डॉक्टर क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम काही दिवस देतात आणि मात्रा हळूहळू उतरवतात. म्हणजे दारू सोडवणारी गोळी हीच, आणि दारूसोबत घेतली तर जीव घेणारीही हीच.

सिरोंच्यापलीकडे, प्राणहिता-गोदावरीच्या पैलतीरावरच्या तेलंगणात, ताडीत डायझेपाम, अल्प्राझोलाम मिसळण्याचे प्रकार उघड झाले. 2015 मध्ये कारवाईमुळे अशी ताडी अचानक बंद झाली, तेव्हा शेकडो लोकांना रुग्णालय गाठावे लागले.

भारतात 1 मार्च 2014 पासून क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम आणि अल्प्राझोलाम ही औषधे ‘एच-1’ अनुसूचीत आहेत. पाकिटावर लाल चौकटीत इशारा असतो. दुकानदाराला डॉक्टरचे आणि रुग्णाचे नाव, औषध आणि दिलेली संख्या स्वतंत्र वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते.

वही दुकानापुरती, घरातली राखण घरच्यांनीच करायची असते. गोळी चालू असताना दारू किंवा ताडी घेऊ नये, दुचाकी चालवू नये, रात्री विहिरीवर एकट्याने जाऊ नये. शेजाऱ्याची चिठ्ठी किंवा उरलेली गोळी वापरू नये. गर्भवतीने, घोरणाऱ्याने, दम्याच्या रुग्णाने डॉक्टरांना आधी सांगावे. मात्रा वाढवणे आणि औषध बंद करणे, दोन्ही डॉक्टरांच्याच सांगण्यावरून. हाक मारूनही माणूस जागा होत नसेल, तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करावा.