फादर स्टीफन्स यांचा मुलूख : दक्षिण इंग्लंडमधील काही आडवाटेची स्थाने

ख्रिस्तपुराणकर्ते फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव ऐकले नाही असे मराठी ख्रिस्ती घर विरळाच. परंतु हे इंग्रज धर्मगुरू मूळचे कोणत्या गावचे आणि तो मुलूख त्यांनी का सोडला, याची चौकशी आपल्याकडे फारशी होत नाही. आमच्या सेमिनरीतही ओव्या वाचल्या गेल्या, पण ओवीकाराचे गाव नकाशावर कोणी दाखवले नाही. लंडनला जाणारा आपला माणूस वेस्टमिन्स्टर आणि फार तर कँटरबरी पाहून परततो. दक्षिण इंग्लंडच्या आडरस्त्यांवर मात्र अशी काही स्थाने आहेत, की ती जाणून घेतल्याविना स्टीफन्स यांचे गोव्यात येणे नीटसे उमगत नाही.

पहिले स्थान विल्टशर परगण्यातील बुश्टन. स्विंडन शहराच्या नैऋत्येस, खडूच्या डोंगरकड्याजवळ वसलेले हे लहानसे खेडे. येशूसंघाच्या दप्तरात स्टीफन्स यांचे जन्मगाव 'बुलस्टन' असे नोंदले आहे आणि अभ्यासक ते हेच गाव मानतात. जन्म १५४९च्या सुमाराचा, वडील लंडनमधील व्यापारी. बुश्टन ज्या क्लिफ पिपर्ड धर्मग्रामात मोडते, तेथील संत पेत्राचे जुने चर्च आजही उभे आहे. इंग्लंडमधील इमारतींची गावोगाव फिरून नोंद करणारे विख्यात अभ्यासक निकोलाउस पेव्ह्स्नर यांची कबर याच चर्चच्या आवारात आहे, त्यामुळे वास्तुकलेचे चाहते तेथे वाट वाकडी करून जातात. ख्रिस्तपुराणाचा वाचक तेथे गेला तर त्याचे कारण निराळे असेल.

स्टीफन्स दहा वर्षांचे असतील-नसतील तोच, १५५९ साली, इंग्लंडमध्ये मिस्सा कायद्याने बंद झाली. चर्चे जागेवरच राहिली, उपासना तेवढी बदलली. रविवारी नव्या उपासनेला न येणाऱ्यास बारा पेन्सचा दंड होता. १५८१ साली तो महिन्याला वीस पौंडांवर नेण्यात आला, म्हणजे खात्यापित्या घराण्यालाही काही वर्षांत जमिनी विकायला लावणारा. पुढे १५८५च्या कायद्याने परदेशात दीक्षा घेतलेल्या इंग्रज धर्मगुरूने मायदेशी पाऊल ठेवणे हाच राजद्रोह ठरला आणि त्याला आसरा देणाऱ्यालाही देहान्ताची शिक्षा सांगितली गेली. जुना धर्म मग चर्चमधून उठून घराच्या माळ्यावर गेला.

दुसरे ठिकाण हॅम्पशरमधले, पोर्ट्स्मथजवळच्या फार्लिंग्टनचे. तेथील बेलमाँट हे थॉमस पाउंड या सरदारपुत्राचे घर. पाउंड हे एलिझाबेथ राणीच्या दरबारातील छैलछबिले गृहस्थ. एका नाताळात राणीसमोर नाचताना त्यांचा तोल गेला, तेव्हा राणीने त्यांना लाथ मारून भर दरबारात 'बैल' म्हटले आणि त्या क्षणी त्यांचे मन दरबारावरून उडाले, अशी आख्यायिका आहे. खरे-खोटे देव जाणे! पाउंड दरबार सोडून घरी आले आणि कॅथलिक श्रद्धेला वाहून घेऊन राहिले, हे मात्र निश्चित. तरुण स्टीफन्स त्यांच्यासोबत सुमारे दोन वर्षे नोकराच्या वेषात हिंडत होते. दोघांनी मिळून रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश घ्यायचे ठरवले होते. पण निघण्याच्या बेतात असतानाच पाउंड पकडले गेले. स्टीफन्स एकटेच गेले आणि १५७५च्या ऑक्टोबरात रोममध्ये त्यांनी संघात प्रवेश केला.

तेथून त्यांनी जे केले ते मला फार मोलाचे वाटते. १५७८ साली त्यांनी संघाच्या सर्वाधिकाऱ्यांकडे लेखी विनंती केली, की तुरुंगातील पाउंड यांना तुरुंगातच संघात घ्यावे. ती मान्य झाली. नोकराचा वेष घेतलेल्याने धन्यासाठी रदबदली केली! पाउंड यांच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे निरनिराळ्या तुरुंगांत गेली. स्टीफन्स १५७९च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून निघून ऑक्टोबरात गोव्यास पोहोचले.

तिसरे स्थान लायफर्ड ग्रेंज. पूर्वी हे बर्कशरमध्ये होते, १९७४पासून ऑक्सफर्डशरमध्ये आहे. शेतांच्या मधोमध एक खाजगी जुने घर, एवढेच बाहेरून दिसते. येट नावाच्या कॅथलिक कुटुंबाच्या या घरात काही धर्मभगिनींनाही आसरा होता. १५८१च्या जुलैमध्ये संत एडमंड कॅम्पियन येथे आले. त्यांचे 'दहा कारणे' हे लॅटिन पुस्तक जवळच्याच स्टोनर पार्क या वाड्यात गुप्तपणे छापले गेले होते आणि जूनमध्ये त्याच्या प्रती ऑक्सफर्डच्या सेंट मेरीज चर्चच्या बाकांवर कोणीतरी ठेवून दिल्या होत्या. सारे राज्य त्यांच्या मागावर होते. कॅम्पियन लायफर्डहून निघालेही. पण मागाहून आलेल्या भाविकांना त्यांचे प्रवचन ऐकायचे होते, म्हणून त्यांना परत बोलावण्यात आले. रविवार १६ जुलैच्या त्या मिस्सेला एक खबऱ्या भाविक म्हणून बसला होता. दुपारी घराला वेढा पडला. कॅम्पियन आणि आणखी दोन धर्मगुरू जिन्यावरच्या भिंतीआड दडले. रात्रभर शोध चालला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिघेही सापडले. १ डिसेंबरला कॅम्पियन यांना लंडनच्या टायबर्न येथे फाशी देऊन त्यांच्या देहाचे तुकडे करण्यात आले. १९५९ साली याच घराच्या माळ्यावर लाकडी पेटीत दडवलेले आग्नुस देई, म्हणजे पोपमहोदयांनी आशीर्वादित केलेली मेणाची मुद्रा सापडली. पावणेचारशे वर्षे ती तेथेच होती.

कॅम्पियन यांच्यावर ही वेळ आली तेव्हा स्टीफन्स गोव्याच्या साष्टीत होते. ही आपली ठाणे-वांद्र्याकडची साष्टी नव्हे. येथे मला एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. इंग्लंडमध्ये ज्यांना वेदी लपवावी लागत होती, त्यांच्याच धर्माच्या नावाने पोर्तुगीज सत्तेने १५६७ साली साष्टीतील देवळे पाडली होती. जुलै १५८३मध्ये कुंकळ्ळी येथे पाच येशूसंघीय मारले गेले. त्यानंतर गावच्या पुढाऱ्यांना बोलणीच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. आपण पहिल्या पाचांची नावे घेतो. दुसरी बाजू सांगताना आपला आवाज खाली येतो. विल्टशरमधल्या दडपलेल्या समाजातून आलेल्या स्टीफन्स यांना हे साम्य जाणवले असेल का? त्यांनी लोकांचीच भाषा, ओवी आणि पुराणाची रीत स्वीकारली आणि १६१६ साली राशोलला आपला ग्रंथ छापला, एवढे आपल्यापुढे आहे. तलवार हाती असलेल्या राज्यात राहून त्यांनी आर्जवाची भाषा निवडली, असे मी समजतो.

इंग्लंडमधली पुढची कथा दोन वास्तू सांगतात. विल्टशरमधल्याच वॉर्डर येथे लॉर्ड अरुंडेल यांनी नवा प्रासाद बांधला, तेव्हा एका बाजूच्या इमारतीत भव्य चॅपेल दडवले. १ नोव्हेंबर १७७६ रोजी ते उघडले. बाहेरून वाड्याचा भाग, आत रोमची आठवण करून देणारी संगमरवरी वेदी!

डॉर्सेटच्या किनाऱ्याजवळील लुलवर्थ येथे १७८६-८७ साली थॉमस वेल्ड यांनी त्याहून धीट पाऊल टाकले. वाड्यापासून सुटे, स्वतंत्र चॅपेल त्यांनी बांधले. तिसऱ्या जॉर्ज राजाने तोंडी संमती दिली, पण ते चर्चसारखे दिसू नये अशी अट घातली, असे परंपरा सांगते. म्हणूनच ती घुमटाची इमारत लांबून एखाद्या सरदाराचे स्मारक वाटते. सार्वजनिक मिस्सेला इंग्लंडच्या कायद्याने मोकळीक मिळाली १७९१ साली. त्याच्या आदल्या वर्षी, १५ ऑगस्ट १७९० रोजी, स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, अमेरिकेचे पहिले बिशप जॉन कॅरल यांना याच चॅपेलमध्ये बिशपपदाची दीक्षा मिळाली.