मिठाच्या पुडीवरचा ५३६

आयोडीनयुक्त मिठाच्या पुडीवर घटकांच्या यादीत बारीक अक्षरांत अनेकदा ५३६ हा आकडा असतो. हे पोटॅशियम फेरोसायनाइड. मिठाच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून ते घालतात, आणि त्याचे कूळ निघते थेट बर्लिनच्या एका रंगशाळेत.

गुठळी मुळात का होते? हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठही पाणी ओढून विरघळू लागते. मॅग्नेशियम क्लोराइडचा अंश असेल तर त्याहून कितीतरी कमी आर्द्रतेत पाणी सुटते. हवा कोरडी झाली की दोन कणांमधल्या त्या खारट थेंबातून नवे स्फटिक वाढतात आणि कणांना जोडणारे पूल तयार होतात. ओलावा नुसता निमित्त. गुठळी घट्ट होते ती सुकताना.

यावरचा सरधोपट उपाय म्हणजे कणांमध्ये दुसरी कोरडी भुकटी मिसळणे. मिठाच्या डबीत तांदळाचे दाणे टाकणे याच जातीचे. आयसिंग शुगरमध्ये मक्याचे पीठ असते, दूध पावडरीत सिलिका. अमेरिकेतल्या मॉर्टन कंपनीने १९११मध्ये मिठात मॅग्नेशियम कार्बोनेट घातले आणि १९१४पासून भर पावसात छत्री धरून मीठ सांडत चालणारी मुलगी जाहिरातीत आणली. गुठळीविरोधी पदार्थांचा इतिहास बहुधा इथूनच सांगितला जातो. पण ५३६ या घराण्यातला नाहीच.

त्याची कथा अठराव्या शतकाच्या अगदी आरंभीची. डीसबाख नावाचा रंगारी किरमिजी किड्यांपासून लाल रंग करत होता. त्यात तुरटी, हिराकस आणि पोटॅश लागे. पोटॅश संपले म्हणून त्याने किमयागार योहान कोनराड डिपेलकडून उसने आणले. डिपेलने ते आधीच जनावरांचे तेल शुद्ध करण्यासाठी वापरलेले होते, आणि ते तेल रक्तापासून काढलेले. लालऐवजी गर्द निळा रंग हाती आला : प्रशियन ब्लू. ही हकिकत श्टाल या रसायनज्ञाने छापली ती १७३१मध्ये, म्हणजे पंचवीसेक वर्षांनी. त्यामुळे साल १७०४ की १७०६, श्रेय डीसबाखचे की डिपेलचे, हा वाद आजही मिटलेला नाही. बर्लिनमधल्या फ्रिश या विद्वानाने तत्त्वज्ञ लायब्निट्सला १७०८मध्ये लिहिलेल्या पत्रांत या रंगाचा उल्लेख आहे, तेव्हा त्याआधीचा जन्म नक्की. श्रेयाचे म्हणाल तर रंग डीसबाखच्या भांड्यात उतरला खरा, पण निळेपणा आला तो डिपेलच्या मळक्या पोटॅशमधून. पारडे डिपेलकडेच झुकते.

१७५२मध्ये फ्रान्सच्या माकेर या रसायनज्ञाने या निळ्या रंगावर अल्कलीची प्रक्रिया करून त्यातला लोहाचा भाग वेगळा केला. उरलेल्या द्रावणातून पिवळे स्फटिक मिळतात, हेच फेरोसायनाइड. पुढे रक्त, शिंगे, खूर आणि चामड्याचे तुकडे पोटॅश व लोखंडासह भाजून ते कारखान्यांत होऊ लागले. जर्मनमधल्या त्याच्या नावात रक्त अजून टिकून आहे. आजच्या उत्पादनात मात्र रक्ताचा संबंध नाही.

रंगाचे हे क्षार मिठात कसे शिरले? ओलावा शोषणाऱ्या भुकट्यांची ही पुढची पायरी, असे मानणे सोयीचे आहे, पण चूक. फेरोसायनाइड ओलावा शोषतच नाही. त्याचे खरे पूर्वज वेगळ्या वाटेवर सापडतात. १७८३मध्ये स्फटिकतज्ज्ञ रोमे द लील याने नोंदवले की साध्या पाण्यात मीठ चौकोनी घनाकार घेते, पण मूत्रात अष्टफलक होते. परका रेणू स्फटिकाची घडण बदलू शकतो, ही जाण तिथली. फेरोसायनाइड तेच करते. त्याचा आयन मिठाच्या जाळीत एका सोडियमच्या आणि भोवतीच्या सहा क्लोराइडच्या जागी चपखल बसतो, पृष्ठभागाची पुढची वाढ अडवतो आणि कणांमधला पूल घट्ट होऊ देत नाही. म्हणूनच मॅग्नेशियम कार्बोनेट टक्क्याच्या हिशेबात लागते, तर हे दशलक्षात काही भाग पुरते.

नावातल्या सायनाइडने अधूनमधून घबराट पसरते. रसायनज्ञ शीलने १७८२मध्ये प्रशियन ब्लूपासून जहाल प्रुसिक आम्ल, म्हणजे हायड्रोजन सायनाइड, काढले होते हे खरे, पण त्यासाठी त्याला तो रंग गंधकाम्लासह तापवावा लागला. फेरोसायनाइडमध्ये सायनाइड लोहाशी इतके घट्ट बांधलेले असते की पोटातल्या आम्लाने ते फारसे सुटत नाही. भारतात मर्यादा किलोमागे १० मिलिग्रॅम आहे. दिवसाला १० ग्रॅम मीठ खाल्ले, तरी पोटात जास्तीत जास्त ०.१ मिलिग्रॅम जाते. ६० किलो वजनाच्या माणसाला आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने रोज १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालेल असे ठरवले आहे. या मिठाची काळजी करायचीच असेल, तर ती ५३६ची नव्हे, त्या १० ग्रॅमची करावी.