आधी वाट, मग गाडी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गाडी घ्यायची ठरली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : ॲव्हरेज किती देते? पण जिच्यात झोपायचं, स्वयंपाक करायचा आणि जिच्यातून गावोगाव हिंडायचं, अशी गाडी निवडताना काय विचारावं? परदेशात तिला कॅराव्हॅन, मोटरहोम, कॅम्पर अशी नावं आहेत. आपल्याकडे ‘व्हॅनिटी व्हॅनसारखी’ म्हटलं की चित्र लगेच डोळ्यांपुढे येतं. महाराष्ट्र सरकारनं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. तेव्हापासून निवृत्तीला टेकलेली ओळखीची माणसं मला विचारतात, ‘अशी गाडी घ्यावी का? आणि घेतली तर कोणती?’ मी काही गाड्यांचा जाणकार नाही. इतिहासाचा वाचक आहे. त्यामुळे मी उत्तर तिथेच शोधतो, आणि ते सापडतंही. कारण हाच प्रश्न लोक निदान एकशेचाळीस वर्षं सोडवत आले आहेत.

घराला चाकं लागण्याआधी घर वाहून नेलं जाई. आपल्या जुन्या कागदपत्रांत ‘पेशखाना’ असा शब्द भेटतो. पेशखाना म्हणजे पुढे पाठवायचे डेरे आणि सामान. सतराव्या शतकात औरंगजेबाच्या काळी हिंदुस्थानात राहिलेला फ्रेंच वैद्य फ्रान्स्वा बर्निए यानं ही व्यवस्था बारकाईनं लिहून ठेवली आहे. बादशहाच्या डेऱ्यांचे दोन पूर्ण संच असत. एका संचात बादशहाचा मुक्काम, तोवर दुसरा पुढच्या मुक्कामी उभा राहायचा. हा पसारा वाहायला ६०हून अधिक हत्ती, २०० उंट, १०० खेचरं आणि १०० हमाल लागत, असं तो सांगतो. हे राजेशाही प्रकरण झालं. पण त्यातली युक्ती आपल्या चांगल्या ओळखीची आहे. आषाढी वारीत दिंडीचा ट्रक सामान घेऊन पुढे जातो, मुक्कामाच्या जागी राहुट्या पडतात, चुली पेटतात, आणि वारकरी मोकळ्या अंगानं चालत येतात. मुक्काम आणि प्रवास वेगळे ठेवले की दोन्ही सोपे होतात. दोन्ही एकाच गाडीत कोंबले की खरी कसरत सुरू होते.

ती कसरत हौसेनं करणारा पहिला नामांकित माणूस म्हणजे डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स. हा स्कॉटिश गृहस्थ ब्रिटिश नौदलात डॉक्टर होता आणि पुढे मुलांसाठी साहसकथा लिहू लागला. रोमानी लोकांच्या चाकांवरच्या घरांनी त्याला भुरळ घातली. १८८५ साली त्यानं ब्रिस्टलच्या एका वॅगन कारखान्याकडून स्वतःसाठी ‘वाँडरर’ नावाची घोडागाडी बांधून घेतली. बसायची खोली, स्वयंपाकाची जागा, पुस्तकं, सगळं आत. त्या उन्हाळ्यात तो इंग्लंडमधल्या ट्वायफर्डहून थेट स्कॉटलंडमधल्या इन्व्हरनेसपर्यंत गेला आणि दुसऱ्या वर्षी त्यानं या प्रवासावर पुस्तक लिहिलं.

आता हिशेब पाहा. गाडीचं वजन सुमारे दोन टन. ओढायला दोन घोडे. सोबत गाडीवान आणि एक नोकर. हा नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाई, रस्ता मोकळा आहे का ते पाही आणि समोरून येणाऱ्यांना सावध करी. म्हणजे घर चाकांवर आलं, तरी पुढे माणूस पाठवणं काही सुटलं नाही. आणि ज्या रोमानी लोकांकडून ही कल्पना आली, त्यांच्यासाठी गाडी हे एकमेव घर होतं. ती कुठे उभी करायची, हे ठरवणं बहुतेक वेळा त्यांच्या हातात नसे. स्टेबल्सला मात्र परतायला पक्कं घर होतं. हौसेची गाडी आणि गरजेची गाडी यांतला हा फरक पुढे पुन्हा भेटणार आहे.

मोटार आली आणि घोडे गेले. १९१० साली अमेरिकेत पिअर्स-ॲरो कंपनीनं ‘टूरिंग लँडो’ नावाची गाडी दाखवली. मागची बैठक उघडली की पलंग, शोफरच्या पाठीमागे घडीचं बेसिन, आणि शोफरशी बोलायला टेलिफोन! गाडी श्रीमंतांची, चालवणारा पगारी. त्याच सुमारास हेन्री फोर्ड, थॉमस एडिसन, टायरवाले हार्वे फायरस्टोन आणि निसर्गलेखक जॉन बरोज हे मित्र उन्हाळ्यात मोटारींनी रानात मुक्कामाला जाऊ लागले. १९२१ साली राष्ट्राध्यक्ष हार्डिंगही त्यांच्यात सामील झाले. या साध्या सहलीबरोबर स्वयंपाकाचा स्वतंत्र ट्रक आणि आचारी असत. पेशखानाच तो, फक्त पेट्रोलवर चालणारा.

सामान्य माणसानं काय केलं? त्यानं फोर्डच्या ‘मॉडेल टी’वर खोके ठोकले, बाजूला ताडपत्री बांधली आणि डब्यातलं अन्न गरम करून खाल्लं. १९१९ साली फ्लोरिडातल्या टॅम्पा इथे अशा भटक्यांनी संघटना काढली. तिचं नाव ‘टिन कॅन टूरिस्ट्स’. मॉडेल टीचं इंजिन २० अश्वशक्तीचं. त्याला जेवढं ओढवेल तेवढंच घर!

पुढची पायरी पावसानं गाठून दिली. डेट्रॉइटचे जंतुशास्त्रज्ञ आर्थर शर्मन १९२९ साली कुटुंबाला घेऊन सुटीवर निघाले. गाडीमागे विकत घेतलेला तंबूचा ट्रेलर होता. तो पाच मिनिटांत उभा राहतो, अशी जाहिरात होती. पाऊस आला आणि तंबू काही वेळेत उभा राहिना. शर्मन परतले आणि त्यांनी सुताराकडून सहा फूट रुंद, नऊ फूट लांब अशी पक्क्या भिंतींची खोली चाकांवर बांधून घेतली. मुलांनी गमतीनं तिला ‘कव्हर्ड वॅगन’ म्हटलं. १९३०च्या डेट्रॉइट मोटार प्रदर्शनात ती ठेवली, तेव्हा मागणी येऊ लागली. १९३६पर्यंत शर्मन अमेरिकेतले सर्वांत मोठे ट्रेलर उत्पादक झाले होते. घडीचं ते हलकं, हे खरं. पण ते भर पावसात, अंधारात, थकलेल्या हातांनी उघडता आलं पाहिजे. कोकणात जूनमध्ये जायचा बेत असेल, तर ही गोष्ट लक्षात असू द्या.

पण तो काळ महामंदीचा होता. सुटीसाठी बांधलेले हे डबे अनेकांची कायमची घरं बनले. दुसऱ्या महायुद्धात युद्धसामग्रीच्या कारखान्यांतल्या कामगारांना त्यांतच राहावं लागलं. राहणाऱ्याला जागा हवी, म्हणून ट्रेलर लांबले. १९५०च्या दशकात आठ फुटांची रुंदी दहा फुटांवर गेली. इतकी रुंद गाडी रोज रस्त्यावर नेणं अशक्य. मग तिची ‘मोबाइल होम’ झाली. नाव फिरतं, मुक्काम एकाच जागी. सोयी वाढवता वाढवता प्रवासच संपला. चाकांवरच्या घराच्या इतिहासातला मला तरी हा सर्वांत मोठा धडा वाटतो.

उलट्या दिशेनं विचार करणारेही होते. ट्रान्सअटलांटिक उड्डाणासाठी चार्ल्स लिंडबर्गचं जे विमान बांधलं गेलं, त्याच्या कामावर देखरेख करणारे हॉली बोलस यांनी १९३४ साली विमानासारखा ॲल्युमिनियमचा हलका ट्रेलर काढला. तोच धागा पकडून वॉली बायम यांनी १९३६ साली ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ आणला. वारा कापणारा गोल आकार आणि आत चौघांची झोपायची सोय. १९५९ साली बायम एअरस्ट्रीमधारकांचा ४१ ट्रेलरांचा काफिला घेऊन केपटाउनहून निघाले आणि आफ्रिका ओलांडून कैरोला पोहोचले. पिरॅमिडपाशी ओळीनं उभ्या असलेल्या त्या चंदेरी गाड्यांची छायाचित्रं पुढे जगभर गाजली.

युद्धानं मोडलेल्या जर्मनीत उत्तर आणखी काटकसरीचं निघालं. फोक्सवॅगनची डबेवजा व्हॅन १९५० साली उत्पादनात आली. इंजिन २५ अश्वशक्तीचं. वेस्टफालिया कंपनीनं १९५१ साली तिच्यासाठी ‘कॅम्पिंग बॉक्स’ काढला. त्यात बैठक, पलंग, कपाट होतं, आणि वाटेल तेव्हा तो उचलून बाहेर ठेवता येई. म्हणजे सोमवार ते शुक्रवार दुकानाचा माल, शनिवार-रविवार कुटुंब. साठ-सत्तरच्या दशकांत असल्या व्हॅनमधून युरोपातले तरुण इस्तंबूल, तेहरान, काबूल अशा मार्गानं हिंदुस्थानात येत आणि गोव्याच्या किनाऱ्यावर मुक्काम ठोकत. १९७९ साली इराणमध्ये क्रांती झाली, वर्षअखेर अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा घुसल्या आणि ती वाट बंद झाली. गाड्या तशाच राहिल्या, रस्ता गेला.

ओझ्याचा मोह मोठमोठ्यांना सुटलेला नाही. कादंबरीकार जॉन स्टाइनबेक १९६० साली चार्ली नावाच्या कुत्र्याला घेऊन अमेरिका पाहायला निघाला. पिकअप ट्रकवर छोटी खोली, नाव ‘रोसिनान्ते’. डॉन किहोतेच्या घोड्याचं. त्यात त्यानं इतकी पुस्तकं, अवजारं आणि सामान भरलं की गाडी सदा जडच. ऑरेगनमध्ये भर पावसात टायर फुटला आणि एका भल्या माणसानं खटपट करून टायर मिळवून दिले, तेव्हा तो पुढे सरकला.

आणखी एक प्रसंग हिशेबाचा. विनेबेगो कंपनीनं १९६६पासून आयोवामध्ये मोटरहोम बनवल्या आणि त्या इतरांच्या जवळजवळ निम्म्या किमतीत विकल्या. लोकांनी हौसेनं घेतल्या. ऑक्टोबर १९७३मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, पंपांवर रांगा लागल्या आणि या अवजड गाड्यांची विक्री कोसळली. विकत घेतानाची किंमत एकदाच मोजायची असते. वजनाची किंमत मात्र प्रत्येक चढाला आणि प्रत्येक पंपावर मोजावी लागते.

आता आपल्याकडे येऊ. मला विचारणाऱ्यांना मी चार प्रश्न करतो. पहिला : जायचं कुठे? वरंधा किंवा कुंभार्ली घाटाच्या वळणांवर लांब गाडी कशी वळेल आणि गावातल्या खाली आलेल्या तारांखालून उंच गाडी कशी जाईल, हे आधी पाहा. दुसरा : चालवणार कोण? साठीनंतर दोघांपैकी एकालाच चालवता येत असेल, तर गाडी लहानच बरी. तिसरा : वर्षातले उरलेले दिवस ती उभी कुठे राहणार आणि दुसऱ्या काही कामाला येणार का? चौथा प्रश्न कोणी सहसा विचारत नाही : पाणी कुठे भरायचं आणि सांडपाण्याची टाकी कुठे रिकामी करायची? ज्या ओढ्याकाठी आपण दोन रात्री आनंदात काढणार, त्याचंच पाणी खालच्या गावाला प्यायचं असतं.

या प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत विकत घेऊ नये. दोन-तीन दिवसांसाठी भाड्यानं घ्यावी आणि त्यातली एक रात्र मुद्दाम पावसाळी निवडावी. एवढं करूनही हौस टिकली, तर खुशाल घ्यावी. मात्र घरून निघताना भरलेलं अर्धं सामान खाली काढून ठेवावं. त्यातलं फारसं काही वाटेत आठवतसुद्धा नाही.