शब्दान्धत्वाची संज्ञा आणि स्वतंत्र अध्यापनाचा उगम

बुद्धिमान मुलाला वाचता का येऊ नये, हा प्रश्न प्रथम शिक्षणशास्त्राने नव्हे, तर वैद्यकाने हाती घेतला. १८७७ साली जर्मन वैद्य आडोल्फ कुसमाउल यांनी ‘शब्दान्धत्व’ ही संज्ञा योजिली, ती मेंदूच्या विकारामुळे वाचनशक्ती गमावलेल्या रुग्णांसाठी. १८९६ मध्ये इंग्लंडमधील डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी ती जन्मजात अडचणीस लावली. त्यांनी वर्णिलेला चौदा वर्षांचा मुलगा गणितात तरबेज होता. परंतु स्वतःच्या नावातील अक्षरांचा क्रमही तो चुकवी. शिक्षण सर्वस्वी तोंडी असते, तर हाच शाळेतील सर्वांत हुशार विद्यार्थी ठरता, असे त्याच्या शिक्षकाचे मत होते.

या मतातच पुढील सुधारणेचे बीज आहे. दोष बुद्धीचा नसेल, तर शिकविण्याची रीत बदलली पाहिजे. ग्लासगोचे नेत्रवैद्य जेम्स हिंशेलवुड यांनी अशा मुलास वर्गापासून वेगळे, एकट्याने, थोडा थोडा वेळ परंतु वारंवार शिकवावे, असे सुचविले. १९२५ पासून अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन यांनी या मुलांचा अभ्यास केला. मेंदूच्या दोन अर्धगोलांविषयीची त्यांची उपपत्ती पुढे टिकली नाही. तथापि त्यांच्या सहकारी ॲना गिलिंगहॅम आणि बेसी स्टिलमन यांनी सिद्ध केलेली अध्यापनपद्धती टिकली. अक्षर पाहणे, त्याचा ध्वनी उच्चारणे व ते हाताने गिरविणे या क्रिया तीत एकत्र साधल्या जातात.

ही पद्धती मात्र इंग्रजी वर्णलेखनाच्या अनियमिततेवर योजिलेला उपाय होय. मराठीत अडचणीचे स्वरूप निराळे आहे. ‘कि’ मधील वेलांटी लिहिण्यात व्यंजनाआधी येते, उच्चारात नंतर. ‘सूर्य’ मधील रफार ज्या अक्षराच्या माथ्यावर बसतो, त्याच्याआधी उच्चारला जातो. जोडाक्षरांत व्यंजनाचे रूपच पालटते. म्हणून इंग्रजीसाठी रचलेल्या चाचण्या व पाठ नुसते भाषांतरित केल्यास मराठी मुलाची खरी अडचण दृष्टीआड राहण्याचा संभव असतो.

भारतात २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेस मान्यता दिली. मान्यतेने मुलास हक्क मिळतो, वाचन नव्हे. त्यासाठी देवनागरीच्या घडणीतूनच उभा राहिलेला पाठ हवा. आणि हे कार्य वैद्यकाइतकेच भाषाशास्त्राचेही आहे.